क्रिप्टोतली मक्तेदारी नेमकी कुठे बसलीय?

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. पहिला, बिटकॉइनचे दोन पूल (मायनर, म्हणजे नवे ब्लॉक काढणारे, यांनी संगणकशक्ती एकत्र केलेले गट) मिळून निम्म्याच्या आसपास ब्लॉक (व्यवहारांच्या नोंदींचे गठ्ठे) काढतात, मग हे सगळं जाळं त्यांच्याच ताब्यात नाही का? दुसरा, एक्स्चेंजमध्ये (क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या बाजारांत) बायनान्स आणि स्टेबलकॉइनमध्ये (डॉलरसारख्या चलनाशी भाव बांधलेल्या नाण्यांत) टेथर एवढे मोठे असताना स्पर्धा उरलीय कुठे, आणि विकेंद्रीकरण ही नुसती थाप आहे का? तिसरा तुम्ही शेवटच्या ओळीत घाईघाईने विचारलाय, पण बाकीचं सगळं त्याच्यासाठीच लिहिलं असावं असा मला संशय आहे: आपले पैसे मोठ्या परदेशी एक्स्चेंजवर ठेवावेत की छोट्या भारतीय अ‍ॅपवर?

माझं काम नोड (जाळ्याचे नियम आणि नोंदी तपासणारे संगणक) आणि व्हॅलिडेटर (इथेरियमसारख्या जाळ्यात नोंदी पक्क्या करणारे) चालवण्याचं, शिवाय क्रिप्टोत व्यवहार करणाऱ्या कंपन्यांच्या वॉलेट यंत्रणा तपासून देण्याचं. या कामात बाजारातल्या वाट्याचा आलेख मी तसा उशिरा बघतो. आधी विचारतो: हा मोठा खेळाडू उद्या वाकड्यात शिरला किंवा नुसता बंद पडला, तर त्याच्यावर विसंबलेल्यांना दुसरीकडे जायला किती वेळ लागेल, किती खर्च येईल, आणि जायला दुसरी जागा आहे का? वाटा सारखाच असला तरी या उत्तरांत जमीनअस्मानाचा फरक पडतो. तुम्ही पूल, बायनान्स आणि टेथर या तिघांना एका ओळीत बसवलंत, तिथेच माझा तुमच्याशी मतभेद आहे.

पूलपासून सुरू करतो, कारण लोक सगळ्यात जास्त घाबरतात ते पूललाच. फाउंड्री यूएसए आणि अँटपूल हे दोन सगळ्यात मोठे, आणि त्यांची बेरीज गेल्या काही वर्षांत बरेचदा निम्म्यापर्यंत किंवा त्यापुढेही गेलीय, हे तुमचं बरोबर. पण पूलला जोडलेली बहुतेक यंत्रं पूलच्या मालकीची नसतात. एप्रिल २०२४ पासून एका ब्लॉकचं बक्षीस ३.१२५ बिटकॉइन आहे, आणि साधारण दहा मिनिटांना एकच ब्लॉक निघतो. छोट्या मायनरने एकट्याने प्रयत्न केला तर त्याच्या वाट्याला वर्षानुवर्षं काहीच यायचं नाही, वीजबिल मात्र दर महिन्याला येणार. म्हणून हजारो जण आपली ताकद एका पूलकडे वळवतात आणि उत्पन्न वाटून घेतात. पूल बदलायचा तर यंत्राच्या सेटिंगमध्ये सर्व्हरचा पत्ता बदलायचा, बस. बहुतेक यंत्रांत पर्यायी पूलचे पत्ते आधीच भरून ठेवायची सोय असते.

हे नुसतं तत्त्व म्हणून सांगत नाही. जून २०१४ मध्ये जीहॅश नावाच्या पूलचा वाटा काही काळ ५१ टक्क्यांना टेकला. आरडाओरडा झाला, मायनर बाहेर पडू लागले, आणि महिन्याभरात पूलने आपणहून ४० टक्क्यांच्या खाली राहण्याची हमी दिली. शिवाय ५१ टक्के हातात आले तरी करता काय येतं? स्वतःचे व्यवहार उलटवून तेच पैसे दोनदा खर्च करता येतात, इतरांचे व्यवहार अडवता येतात. तुमच्या वॉलेटमधले बिटकॉइन काढून घेता येत नाहीत, आणि २.१ कोटींची मर्यादाही वाढवता येत नाही. असे हल्ले प्रत्यक्षात झाले ते छोट्या जाळ्यांवर. इथेरियम क्लासिकवर ऑगस्ट २०२० या एकाच महिन्यात तीनदा हल्ला झाला, कारण त्याच्यापुरती संगणकशक्ती भाड्याने मिळत होती. छोटं म्हणजे सुरक्षित, हा समज इथेच सोडून द्या.

सत्ता आणि वाटा यांतला फरक बघायचा असेल तर २०१७ ची गोष्ट माहीत हवी, आणि ती आजकाल फारशी कुणी सांगत नाही. बिटकॉइनचा ब्लॉक एक एमबीचा असावा की मोठा, यावर दोन-तीन वर्षं भांडण चाललं होतं. मे २०१७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पन्नासहून जास्त कंपन्यांनी एक करार केला. त्यात मोठे एक्स्चेंज होते, वॉलेटवाले होते आणि ८० टक्क्यांहून अधिक हॅशरेट (मायनिंगची संगणकशक्ती) असलेले मायनर होते. आधी सेगविट हा ब्लॉकमध्ये जास्त व्यवहार बसवणारा बदल आणायचा, मग ब्लॉक दुप्पट करायचा असं ठरलं. कागदावर याहून मोठी मक्तेदारी असू शकत नाही. पण सामान्य नोड चालवणारे अडून बसले. नियम कोणते पाळायचे हे आम्ही ठरवू, तुमचे मोठे ब्लॉक आमचं सॉफ्टवेअर स्वीकारणारच नाही, अशी त्यांची भूमिका. काही एक्स्चेंजनी नियोजित नव्या नाण्याचे वायदे आधीच बाजारात आणले, तिथे त्याचा भाव मूळ बिटकॉइनच्या मानाने फारच खाली राहिला. मायनरला पगार त्या नाण्यातच मिळणार! ८ नोव्हेंबर २०१७ ला दुप्पट ब्लॉकची योजना मागे घेतली गेली. सेगविट मात्र ऑगस्टमध्येच लागू झालं होतं. म्हणजे ज्याच्याकडे ८० टक्के होते तो हरला, कारण बाकीच्यांना त्याच्यापासून वेगळं होणं स्वस्तात शक्य होतं.

आता याला पुरवणी जोडतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी पूलवाल्यांची वकिली करतोय. ब्लॉकमध्ये कोणते व्यवहार घ्यायचे हे आजही बहुतांशी पूलच ठरवतो. आणि आलेखात वेगवेगळ्या नावांनी दिसणारे काही पूल प्रत्यक्षात अँटपूलचाच आराखडा (ब्लॉकमध्ये घ्यायच्या व्यवहारांची तयार यादी) वापरताना अभ्यासकांना आढळले आहेत. कारण आर्थिक आहे. ब्लॉक मिळो न मिळो, मायनरला रोजचे पैसे देण्याची पद्धत आता रूढ झालीय. ती पाळायला मोठं भांडवल लागतं, म्हणून छोटा पूल मोठ्याच्या आडोशाला जातो. स्ट्रॅटम व्ही२ नावाच्या नव्या पद्धतीत व्यवहार निवडण्याचा हक्क मायनरकडे परत येतो, पण तिचा स्वीकार फार धीम्या गतीने होतोय. पूलपेक्षा मला यंत्र बनवणाऱ्यांची काळजी जास्त वाटते. बिटमेनने २०१८ मध्ये हाँगकाँगमध्ये आयपीओसाठी अर्ज केला, तेव्हा यंत्रांच्या जागतिक बाजारातला आपला वाटा सुमारे तीन चतुर्थांश असल्याचं दाखवलं होतं. त्याआधी एप्रिल २०१७ मध्ये त्यांच्या यंत्रांच्या फर्मवेअरमध्ये (यंत्रातल्या अंगभूत सॉफ्टवेअरमध्ये) दुरून यंत्र बंद करू शकणारी वाट सापडली होती. चोरीला गेलेलं यंत्र मालकाला थांबवता यावं म्हणून ती सोय केली होती, असं कंपनीचं म्हणणं होतं, आणि नंतर त्यांनी दुरुस्तीही दिली. पण विचार करा. पूलचा पत्ता मिनिटांत बदलतो, गोदामभर यंत्रं बदलायला भांडवल आणि वर्षं लागतात.

एक्स्चेंजचं गणित वेगळंच आहे. कांदा लासलगावला का जातो? व्यापारी तिथे असतात म्हणून. व्यापारी तिथे का असतात? कांदा तिथे येतो म्हणून. ऑर्डर बुकचं (एक्स्चेंजवरच्या खरेदी-विक्रीच्या मागण्यांच्या यादीचं) अगदी तसंच आहे: जिथे खरेदीदार-विक्रेते जास्त, तिथे भाव चांगला, म्हणून आणखी लोक तिथेच. त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या कुणीही एक्स्चेंज काढू शकत असलं तरी धंदा दोन-चार ठिकाणीच गोळा होतो. २०१३ मध्ये टोकियोचं माउंट गॉक्स जगातले बहुसंख्य बिटकॉइन व्यवहार हाताळत होतं, आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये साडेआठ लाख बिटकॉइन गहाळ झाल्याचं सांगून ते दिवाळखोरीत गेलं. यांतले दोन लाख नंतर एका जुन्या वॉलेटमध्ये सापडले, हा या उद्योगाच्या हिशेबाचा दर्जा.

शेअर बाजारात दलाल वेगळा, एनएसई वेगळं, क्लिअरिंग कॉर्पोरेशन वेगळं, आणि शेअर राहतात एनएसडीएल किंवा सीडीएसएलकडे. क्रिप्टो एक्स्चेंज ही सगळी कामं एकटं करतं. वर स्वतःचं टोकन (डिजिटल नाणं) काढतं, कर्ज देतं, आणि कधीकधी भगिनी कंपनीमार्फत ग्राहकांच्या समोर स्वतःच सौदे करतं. माझ्या मते खरी एकाधिकारशाही या भूमिकांच्या गुंत्यात आहे, बाजारातल्या टक्केवारीत तेवढी नाही. एफटीएक्स या मोठ्या एक्स्चेंजचं काय झालं ते आठवा. नोव्हेंबर २०२२ च्या सुरुवातीला बातमी आली की त्यांच्या भगिनी कंपनीचा, अलामेडाचा, ताळेबंद बऱ्याच अंशी एफटीएक्सनेच काढलेल्या एफटीटी टोकनवर उभा आहे. ६ तारखेला बायनान्सचे तेव्हाचे प्रमुख चांगपेंग झाओ यांनी जाहीर केलं की आमच्याकडचे एफटीटी आम्ही विकणार. ८ तारखेला बायनान्सनेच एफटीएक्स विकत घेण्याची तयारी दाखवली, ९ ला माघार घेतली, ११ ला एफटीएक्स दिवाळखोरीत. एका स्पर्धकाच्या एका घोषणेने दुसरा पाच दिवसांत संपला. दोष एफटीएक्सचाच होता, ग्राहकांचे पैसे त्यांनीच वापरले, आणि त्यांचा संस्थापक सॅम बँकमन-फ्रीडला २५ वर्षांची शिक्षाही झाली. पण स्पर्धेच्या अंगाने बघाल तर जगातल्या सर्वांत मोठ्या एक्स्चेंजच्या हातात प्रतिस्पर्ध्याचं टोकन गठ्ठ्याने होतं, ही गोष्ट कुठल्याही नियंत्रित बाजारात खपली नसती. आणि बायनान्सने तरी काय? नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत गुन्हा कबूल करून ४.३ अब्ज डॉलर भरायचं मान्य केलं, झाओंना पद सोडावं लागलं, तरी पहिला क्रमांक हलला नाही. दंडाने ऑर्डर बुक पातळ होत नाही.

इथपर्यंतचं गोळा करतो: पूल मोठा, पण सोडायला सोपा. यंत्रांचा उत्पादक मोठा आणि सोडायला महाग. एक्स्चेंज सोडायला वरवर सोपं, पण बाकीचे सगळे तिथेच थांबल्यामुळे आपल्यालाही थांबावं लागतं. आता टेथर.

मला विचाराल तर या उद्योगातली सगळ्यात घट्ट सत्ता स्टेबलकॉइनमध्ये आहे, आणि तिच्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. डॉलरशी बांधलेल्या टोकनांच्या बाजारात निम्म्याहून अधिक वाटा एकट्या टेथरचा, त्यानंतर सर्कलचं यूएसडीसी. बाकी सगळे मिळून उरलेलं. भारतात बसून बिटकॉइन घेणारा माणूसही बरेचदा आधी यूएसडीटी (टेथरचं टोकन) घेतो, कारण जगभरच्या सौद्यांची एक बाजू यूएसडीटीच असते. हे टोकन काढणारी कंपनी कुठलाही पत्ता गोठवू शकते, तशी सोय त्याच्या कोडमध्येच आहे, आणि टेथर-सर्कल दोघांनीही ती अनेकदा वापरलीय. चोरीचा पैसा अडवायला ही सोय उपयोगी पडते, ते मी प्रत्यक्ष कामात पाहिलंय, म्हणून सरसकट शिव्या घालणार नाही. पण ज्याच्या हातात हे बटण आहे त्याला विकेंद्रित म्हणू नका, एवढंच.

या बाजारात तिसरा स्पर्धक का टिकत नाही, त्याची दोन वेगळी उत्तरं मिळालीत. मे २०२२ मध्ये टेरा हे जाळं कोसळलं, कारण त्याच्या यूएसटी या स्टेबलकॉइनमागे डॉलर नव्हतेच, आपलंच दुसरं टोकन छापून भाव सांभाळायची युक्ती होती. दुसरीकडे बीयूएसडीमागे डॉलर व्यवस्थित होते, पण ते बायनान्सच्या नावाने पॅक्सोस ही न्यूयॉर्कची कंपनी काढायची. फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या वित्तीय नियंत्रकाने नवे बीयूएसडी काढायला मनाई केली आणि तिथून ते ओसरत गेलं. मोठा फायदा कुणाचा झाला? अमेरिकी नियंत्रकाच्या थेट हाताखाली नसलेल्या टेथरचा. नियम कडक केले की मोठ्यांना चाप बसतो असं आपण गृहीत धरतो. इथे नियंत्रकाच्या हाताखालचाच बाद झाला.

लगेच पुढच्याच महिन्यात यूएसडीसीची पाळी आली. सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली आणि सर्कलच्या राखीव निधीतले ३.३ अब्ज डॉलर तिथे अडकल्याचं कळलं. शनिवार-रविवार, बँका बंद, आणि एक डॉलरचं टोकन ८८ सेंटच्या आसपास घसरलं. रविवारी संध्याकाळी अमेरिकी सरकारने ठेवींची हमी दिल्यावर ते सावरलं. त्यातली बोचरी गोष्ट म्हणजे डाय हे विकेंद्रित म्हणवणारं स्टेबलकॉइनही बरोबरीने घसरलं, कारण त्याच्या तारणात यूएसडीसीच भरलं होतं. युनिस्वॅपसारख्या कुणाच्याच मालकीच्या नसलेल्या बाजारांनी एक्स्चेंजला खरी स्पर्धा दिली आहे, हे मान्य. पण त्यांच्या तळ्यांतही (सौद्यांसाठी जमवलेल्या टोकनांच्या साठ्यांतही) बरंचसं पाणी याच दोन कंपन्यांचं.

इथेरियमवर (बिटकॉइनखालोखालचं मोठं जाळं) थोडक्यात बोलतो, ते माझं रोजचं काम असूनही, कारण तुमच्या पैशांशी त्याचा संबंध कमी. सप्टेंबर २०२२ पासून तिथे मायनिंग नाही, ३२ इथर (तिथलं नाणं) ठेवून व्हॅलिडेटर चालवायचा. एवढी रक्कम नसलेले लिडोसारख्या सेवेकडे देतात. लिडोचा वाटा २०२३ मध्ये तिसऱ्या हिश्शाला टेकला होता. एक तृतीयांश बाजूला बसले तर साखळीवर अंतिम शिक्कामोर्तब होणं थांबतं, म्हणून ती रेषा नाजूक. पुढे तो वाटा उतरला. आम्ही कामात याहून जास्त जपतो ते सॉफ्टवेअरचं वैविध्य. २०२४ च्या सुरुवातीला बहुसंख्य व्हॅलिडेटर गेथ या एकाच प्रोग्रामवर होते. त्यात एक गंभीर दोष निघाला असता तर मालक कितीही वेगवेगळे असून उपयोग नव्हता. हे वैविध्य ठेवायला पैसे लागत नाहीत, चिकाटी लागते. आम्ही आमच्या नोडांवर मुद्दाम वेगवेगळे प्रोग्राम चालवतो आणि त्यापायी रात्रीचे अपडेट दुप्पट होतात. कुरकुर चालू असते, पण चालवतो.

आता भारत, कारण तुमचा तिसरा प्रश्न इथे येऊन ठेपतो. इथे दुसरीकडे जाण्याच्या वाटेवर कराचा नाका आहे. एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर, तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा करता येत नाही, आणि जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस. म्हणजे एका अ‍ॅपवर विकून रुपये काढून दुसऱ्या अ‍ॅपवर घ्यायचं म्हटलं तर प्रत्येक उडीला पैसे. टीडीएस विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर अडकतो, आणि वारंवार सौदे करणाऱ्याचं भांडवल त्यात झिजतं. भारतीय एक्स्चेंजवरची उलाढाल आटली आणि ग्राहक परदेशी एक्स्चेंजकडे वळले. मग डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाने बायनान्ससह नऊ परदेशी एक्स्चेंजना नोटिसा दिल्या, त्यांची संकेतस्थळं अडवायला सांगितलं. बायनान्स नोंदणी करून, १८.८२ कोटींचा दंड होऊन २०२४ मध्ये परत आलं. ज्याला हे परवडतं तो परत येतो. छोटा परदेशी स्पर्धक येतच नाही.

आणि वझीरएक्स. १८ जुलै २०२४ ला मुंबईतल्या या एक्स्चेंजच्या एका वॉलेटमधून सुमारे २३.५ कोटी डॉलरची टोकन गेली, ग्राहकांच्या एकूण मालमत्तेचा जवळपास ४५ टक्के भाग. त्या वॉलेटला एकाहून जास्त सह्या लागत होत्या, बाहेरची कस्टडी कंपनीही होती. तरीही गेली. पुढचं प्रकरण सिंगापूरच्या न्यायालयात चाललं, आणि व्यवहार सुरू झाले ते ऑक्टोबर २०२५ मध्ये, सव्वा वर्षाने. महाराष्ट्रातल्या कितीतरी ग्राहकांना तेव्हाच कळलं की आपला करार सिंगापूरच्या कंपनीशी जोडलेला आहे. पण फक्त भारतीय छोटी एक्स्चेंज कच्ची आणि मोठी पक्की, असं समजू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये दुबईच्या बायबिटमधून सुमारे दीड अब्ज डॉलरचं इथर गेलं. फरक एवढाच की बायबिटकडे भरपाई करण्याची ऐपत होती आणि त्यांनी पैसे काढणं चालू ठेवलं. मोठेपणाचा ग्राहकाला मिळणारा खरा फायदा हा, आणि तो खोटा नाही.

तेव्हा मोठं की छोटं, याचं एक उत्तर माझ्याकडे नाही. ते रक्कम किती, सौदे किती वेळा, आणि वॉलेटची किल्ली (गुप्त सांकेतिक आकडा) सांभाळायची तुमची तयारी किती, यावर आहे. महिन्याला थोडं घेऊन ठेवणाऱ्याला जगातलं सर्वांत खोल ऑर्डर बुक कशाला हवं? त्याने गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणी असलेलं, रुपयांत सरळ व्यवहार होणारं एक्स्चेंज घ्यावं. मात्र घेण्याआधी एक गोष्ट स्वतः करून बघावी: थोडंसं टोकन आपल्या वॉलेटवर बाहेर काढायचं. आपल्याकडच्या काही अ‍ॅपवर टोकन बाहेर काढायची सोयच नव्हती, फक्त विकून रुपये घेता यायचे. तशा ठिकाणी तुमच्या हातात टोकन नसतं, अ‍ॅपने दाखवलेला आकडा असतो. बाहेर काढता येत असेल तर शुल्क किती, मर्यादा किती, वेळ किती लागला हे टिपून ठेवा, आणि वर्षातून एकदा तरी पुन्हा करा. गर्दीच्या दिवशी केलं तर उत्तम. नाव किती मोठं आहे यापेक्षा या चाचणीवर माझा भरवसा जास्त.

रोज सौदे करणाऱ्याची गोष्ट निराळी. त्याला तरलता (हवं तेव्हा चटकन खरेदी-विक्री होण्याची सोय) हवीच, म्हणजे मोठ्यांकडे जाणं आलंच. त्याने चालू सौद्यांपुरतंच तिथे ठेवावं, एक्स्चेंजच्या स्वतःच्या टोकनमध्ये शिल्लक ठेवू नये, आणि सगळा मोकळा पैसा एकाच स्टेबलकॉइनमध्ये अडकवू नये. लांब ठेवायची रक्कम मोठी असेल तर हार्डवेअर वॉलेट (किल्ली इंटरनेटपासून दूर ठेवणारं छोटं उपकरण), पण घरात दुसऱ्या कुणाला तरी ते कसं उघडायचं हे लिहून ठेवायची तयारी असेल तरच. ती नसेल तर नोंदणीकृत एक्स्चेंजच बरं, हे मी या धंद्यात असूनही सांगतो.

तुमची टोकन सध्या कोणत्या प्रकारच्या अ‍ॅपवर आहेत, तिथून बाहेर काढता येतात का, आणि त्यांतली किती पुढची दोन-तीन वर्षं हलवायची नाहीत, एवढं कळवा. म्हणजे वॉलेटचं नेमकं सांगता येईल. सीड फ्रेज (वॉलेट परत उघडणारे गुप्त शब्द) मात्र कुणालाही पाठवू नका, मलाही नाही.